चुकीच्या ट्रस्कॉटला वर्दी

माझा नवरा एलॅम ट्रस्कॉट दहा निवडणुका लढला आणि दहाच्या दहा हरला. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. दर दोन वर्षांनी, मका कापणीला आला की तो दारूबंदी पक्षातर्फे कशाला तरी उभा राहायचा आणि पानगळ संपायच्या आत पडायचा. जिल्ह्याचा मोजणीदार, जिल्ह्याचा खजिनदार, शाळा तपासनीस, आणि एकदा तर संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी. या शेवटच्या पदासाठी तो लोकांना नेमकं काय आश्वासन देत होता, ते मला आजवर कळलेलं नाही.

प्रचार म्हणजे दारोदार हिंडणं. पुढे एलॅम, हातात पत्रकं. मागे मी, हातात पत्रकांची दुसरी पिशवी. पॉटर्स बेंड गावातली दारं कशी बंद होतात, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. काही दारं हळूच बंद व्हायची, काही धाडकन. मिसेस ऑकलींचं दार तर उघडायचंच नाही, आतून फक्त आवाज यायचा, "आम्ही घरी नाही!" एलॅम टोपी काढून त्या दाराला नमस्कार करायचा आणि पत्रक फटीतून सरकवायचा.

आठव्या वेळी पडला त्या दिवशी घरी येऊन बूट काढता काढता तो म्हणाला, "ऑर्फा, मी आजवर किती दारं वाजवली असतील गं?"

"देवाला माहीत."

"एकदा तरी कुणी आपलं दार वाजवावं. यावं आणि म्हणावं, ट्रस्कॉट, आम्हाला तू हवा आहेस. बस. मग पडलो तरी चालेल."

एवढीच त्याची हाव होती. निवडून यायची आशा त्यानं मोजणीदारकीतच सोडली होती. पण कुणीतरी येऊन आपल्याला विचारावं, हे त्याच्या मनातून जात नव्हतं, आणि त्या दिवसापासून ते माझ्याही मनातून जाईना.

म्हणून त्या वर्षी जूनमध्ये, राजधानीतल्या अधिवेशनात पक्षानं त्याला गव्हर्नरपदाचा उमेदवार निवडलं तेव्हा मला रडूच आलं. गव्हर्नरपदाचं मला सोयरसुतक नव्हतं. मला दिसत होती ती वर्दी समिती, म्हणजे उमेदवाराला निवडीची खबर द्यायला घरी येणारी माणसं. रिवाज असा की पक्षानं निवडलं तरी उमेदवाराला ते माहीत नसतं. म्हणजे माहीत असतं, पण नसतं. महिन्याभरानं समिती त्याच्या घरी येते आणि दार वाजवते. अध्यक्ष उभ्यानं भाषण करून वर्दी देतात. उमेदवार थक्क होतो, आपण लायक नाही म्हणतो, समिती आग्रह करते, मग उमेदवार खिशातून अडतीस पानी स्वीकाराचं भाषण काढतो. मोठे पक्ष हा सोहळा फक्त राष्ट्राध्यक्षपदासाठी करतात. आमच्या पक्षाकडे मतं कमी, त्यामुळे रिवाज पाळायला वेळ भरपूर.

अडचण एकच होती. एलॅम त्या अधिवेशनात स्वतः हजर होता. खांबाआड बसून त्यानं स्वतःलाच मत दिलं होतं. पण गाडीतून उतरल्यापासून जे त्याला काही माहीत नाहीसं झालं, ते झालंच. महिनाभर गावानं त्याचा पिच्छा पुरवला.

"काय ट्रस्कॉट, काही विशेष?" वाणसामानाच्या दुकानातला एसा क्विल विचारायचा.

"विशेष काय असणार? पाऊस नाही."

"नाही, मला वाटलं, गव्हर्नर वगैरे..."

"कोण गव्हर्नर?" एलॅम विचारायचा, आणि त्याचे कान लाललाल व्हायचे. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाला हा रिवाज फार जड जातो.

आता हायरमबद्दल सांगायला हवं. हायरम ट्रस्कॉट हा एलॅमचा धाकटा भाऊ, आणि त्याचा गुत्ता आमच्याच रस्त्यावर, समोरच्या बाजूला, चार दुकानं सोडून. देवाला विनोदाचं अंग आहे ते असं. तरी बरीच वर्षं दोघांचं बरं चाललं होतं. बिनसलं ते सासूबाईंच्या नेच्यावरून, म्हणजे कुंडीतल्या फर्नवरून. सासूबाई गेल्या तेव्हा अंत्यविधीनंतरच्या जेवणात हायरमनं आईच्या नावानं सगळ्यांना एकेक घोट ओतला. एलॅमनं आपला पेला सगळ्यांदेखत आईच्या लाडक्या नेच्याच्या कुंडीत उपडा केला. पंधरा दिवसांत नेचा वाळला. एलॅमनं काय करावं? तो वाळका नेचा उचलला आणि व्याख्यानांना घेऊन हिंडायला लागला. "बघा! एका पेल्यानं एका निष्पाप झाडाची काय गत केली!" हायरमचं म्हणणं असं की नेचा पाण्याविना मेला, आणि पाणी घालायचं काम एलॅमचं होतं. मला विचाराल तर हायरमचं बरोबर होतं, पण मी ते घरात कधी बोलले नाही.

तेव्हापासून सात वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. बोलायचे ते माझ्यामार्फत, मग समोरासमोर उभे असले तरी.

"ऑर्फा, त्याला सांग, त्याचं कुत्रं आपल्या कोबीत शिरलंय."

"वहिनी, त्याला सांगा, माझ्याकडे कुत्रं नाही. ते त्याचंच आहे."

आणि ते आमचंच असायचं.

त्या वर्षी मार्चमध्ये जिल्ह्यानं मतदान करून सगळे गुत्ते बंद केले. एलॅमच्या आयुष्यातला तो एकुलता एक विजय, आणि त्यात त्याचं नावही मतपत्रिकेवर नव्हतं. हायरमनं दुकान बंद केलं नाही. त्यानं रंगारी बोलावला आणि दुकानाच्या अख्ख्या दर्शनी भिंतीवर हातभर उंचीची अक्षरं काढून घेतली: "ट्रस्कॉट. शुद्ध लिंबू सरबत. येथे दारूचा एक थेंबही मिळणार नाही." ते गाऱ्हाणं होतं, आणि गावाला ते कळत होतं. जुनी गिऱ्हाइकं सवयीनं यायची, काउंटरला रेलून सरबत प्यायची आणि उसासे टाकायची.

समिती येणार होती जुलैतल्या एका गुरुवारी, दुपारी दोनच्या गाडीनं. मी म्हटलं, "मी स्टेशनवर जाते त्यांना घ्यायला."

"तू कशी जाशील? तुला माहीत असलं म्हणजे मला माहीत."

"मग नकाशा काढून पाठवू?"

"कशाचा नकाशा? कोण येतंय?"

"दारावर नावाची पाटी तरी लाव."

"ऑर्फा," तो मास्तरी आवाजात म्हणाला, "ज्या माणसाला काही माहीत नाही, तो ऐन गुरुवारी पाटी कशाला लावेल?"

वर त्यानं पुढच्या खोलीचे पडदे ओढून घेतले. घर अगदी नेहमीसारखं दिसायला हवं होतं. आमच्या घराचे पडदे लग्नानंतर प्रथमच त्या दिवशी ओढले गेले.

मग समितीला तो काय करताना सापडावा यावर सकाळ गेली. बायबल वाचताना सापडला तर शेखी मिरवल्यासारखं दिसेल. लाकडं फोडताना सापडावं तर घामानं कॉलर भिजेल. शेवटी वाटाणे सोलायचे ठरले. साधं काम, घरगुती, नम्र. साडेनऊपासून तो कडक कॉलर लावून, मांडीवर भांडं घेऊन पुढच्या खोलीत बसला. साडेदहाला वाटाणे संपले. मी एसा क्विलकडून आणखी आणले. तेही संपले. मग त्यानं सोललेले दाणे पुन्हा सालांत भरून ठेवले आणि नव्यानं सोलायला घेतले.

मधूनमधून तो थक्क होण्याची तालीम करत होता. भुवया वर, एक हात छातीवर, "मी? माझ्यासारखा सामान्य माणूस?" मी म्हटलं, पोटात दुखल्यासारखं वाटतंय. त्यानं हात थोडा वर सरकवला.

दीड वाजता दार वाजलं. मी स्वयंपाकघरातून पळत आले तोवर एलॅमनं दार उघडलं होतं, वाटाण्यांचं भांडं त्याच्या हातातून रीतसर सांडलं होतं आणि तो बोलत सुटला होता. "मी? माझ्यासारखा सामान्य माणूस? महाशय, मी लायक नाही. तरीही कर्तव्याची हाक आली असता..."

दारात एकटाच माणूस उभा होता, चौकटीचा कोट घातलेला, बगलेत लोखंडी सळया. घरावर पडणारी वीज जमिनीत उतरवायच्या सळया विकणारा फिरता विक्रेता. पण कसलेला माणूस. त्यानं टोपी काढली आणि स्वीकाराचं भाषण पाचव्या पानापर्यंत उभ्यानं ऐकलं. मग एलॅम श्वास घ्यायला थांबल्याबरोबर म्हणाला, "साहेब, असा माणूस एका सळईच्या भरवशावर सोडणं राज्याला परवडणार नाही." आमच्या छपरावर आज दोन सळया आहेत त्या या भाषणाच्या. गावात चर्चच्या मनोऱ्यालाही एकच आहे.

दोनची गाडी आली, तिची शिट्टी आम्ही दोघांनी ऐकली. एलॅमनं नवे वाटाणे मांडीवर घेतले. सव्वादोन झाले. अडीच झाले. पडद्याआडून मी एक डोळा लावून बघत होते, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

पावणेतीनला मिसेस ऑकली मागच्या दारानं आल्या. इतकी वर्षं घरी नसलेली बाई आमच्या स्वयंपाकघरात धापा टाकत उभी.

"ऑर्फा, तुमची माणसं चुकली बरं का. हायरमकडे भाषण चाललंय."

मी एप्रन न सोडताच धावले.

आधी काय झालं ते मला नंतर दहा जणांनी दहा वेळा सांगितलं. समितीत पाच माणसं होती. अध्यक्ष रेव्हरंड थॅडियस प्रॉक्टर, दाढी छातीपर्यंत. चिटणीस मिस लॅव्हिनिया स्टूप, हातात वही आणि शाईची दौत. उरलेले तिघे मान डोलवायला. उन्हात वाळत ते रस्त्यानं आले आणि समोर बघतात तो हातभर अक्षरं: ट्रस्कॉट. येथे दारूचा एक थेंबही मिळणार नाही. मिस स्टूपनी तिथंच डोळे पुसले म्हणे. "असा उमेदवार!" त्या म्हणाल्या. "आपलं मत भिंतीवर लिहून राहणारा!" दुसऱ्या कुठल्याही पक्षाच्या माणसानं काउंटर बघितलं असतं, पितळी नळ बघितले असते, आणि ओळखलं असतं. पण या पाच जणांनी जन्मात गुत्ता आतून बघितलाच नव्हता. त्यांना ते व्याख्यानगृह वाटलं. काउंटर त्यांना व्यासपीठ वाटलं.

हायरमनं पाहुण्यांना सरबत दिलं आणि रेव्हरंडांनी सुरुवात केली. हायरमनं पहिल्या मिनिटालाच हात वर केला.

"महाशय, काहीतरी घोटाळा होतोय. मी तो नव्हे."

रेव्हरंड मागं वळून समितीला म्हणाले, "विनय बघा."

"अहो, विनय नाही. मी वीस वर्षं दारू विकली!"

समितीनं टाळ्या वाजवल्या. मिस स्टूपनी लिहून घेतलं: उमेदवारानं पूर्वायुष्याची जाहीर कबुली दिली.

"मी या कामाला अगदी नालायक आहे हो! वाटल्यास कुणालाही विचारा!"

"नालायक आहे, साफ नालायक!" काउंटरला रेललेली गिऱ्हाइकं म्हणाली. त्यांनाही टाळ्या मिळाल्या. गावाचा पाठिंबा, असं वहीत गेलं.

रिवाजाचं हेच असतं. नाही म्हणायला त्यात जागा ठेवलेलीच नाही. हायरम जितका जीव तोडून सांगे, तितका तो समितीला आवडत जाई. चाळीस मिनिटं तो हातात फडकं घेऊन उभा होता. दारू हा सैतानाचा घाम आहे, गुत्तेदार हा विधवांच्या आसवांवर गलबत हाकणारा खलाशी आहे, हे सगळं त्यानं स्वतःच्याच काउंटरमागे उभं राहून ऐकून घेतलं.

मी दारात पोचले ते नेमकी शेवटाला. रेव्हरंडांनी दोन्ही हात पसरले होते. "महाशय, पक्षाला तुम्ही हवे आहात. स्वीकार करता ना?"

हायरमनं एकदा छताकडे बघितलं. "सरबत गरम होतंय तुमचं," तो म्हणाला. "बरं बाबा, करतो स्वीकार. प्या आता."

"हा नव्हे!" मी ओरडले. "हा दुसरा! हा धाकटा! हा गुत्तेदार आहे!"

 मिस स्टूपनी हातातल्या पेल्याकडे असं बघितलं, की मीच तो घेऊन वास घेतला आणि सांगितलं, "लिंबूच आहे, प्या." रेव्हरंड खाली बसले. मी सगळं सांगितलं, पडद्यांपासून वाटाण्यांपर्यंत, आणि म्हटलं, "अजून गाडीला तासभर आहे. चला, समोरच घर आहे. दार वाजवा आणि पुन्हा करा."

इथं मला वाटलं होतं की माणसं उठतील. पण आमच्या पक्षाच्या माणसांना देवाखालोखाल सभेचे नियम प्रिय. रेव्हरंड म्हणाले, पुन्हा वर्दी द्यायची तर तसा ठराव हवा. एकानं ठराव मांडला. दुसऱ्यानं अनुमोदन दिलं. तिसऱ्यानं हरकत घेतली, की अधिवेशनाच्या ठरावानुसार स्वीकार होताक्षणी समिती विसर्जित होते. स्वीकार झालाय, म्हणजे समिती उरलेलीच नाही. मग जी समिती नाही तिच्यात ठराव कसा मांडता येईल? मग ती हरकत तरी कशी घेता येईल? यावर उपसूचना आली. मी मध्ये बोलले तर मिस स्टूप म्हणाल्या, "बाई, अध्यक्षांनी तुम्हाला बोलायची परवानगी दिलेली नाही." हायरमची गिऱ्हाइकं खुर्च्या ओढून बसली. मार्चनंतर त्यांना पहिल्यांदाच करमणूक मिळत होती.

पन्नास मिनिटांनी निकाल लागला. वहीत नुसतं "ट्रस्कॉट" आहे तिथं "एलॅम ट्रस्कॉट" लिहायचं, आणि वर्दीचा कागद पोस्टानं पाठवायचा.

"कागद दुरुस्त झाला की झालं," रेव्हरंड म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता.

"काही झालं नाही!" मी म्हटलं. "माझा नवरा तिथं सकाळपासून बसलाय!"

पण गाडीनं शिट्टी दिली, आणि पाचही जण टोप्या सांभाळत पळाले. मी मनातल्या मनात त्यांना काय काय म्हटलं ते लिहीत नाही. मीही चर्चला जाते.

घरी आले तर एलॅम तसाच बसलेला. पाठ ताठ, कॉलर कडक, मांडीवर भांडं.

"आले का?" त्यानं विचारलं, आणि लगेच जीभ चावली. "म्हणजे, कोणी आलं होतं का?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, कारण मला खोटं बोलता येत नाही. तो ऐकत राहिला. त्यानं नियमांबद्दल एक शंका विचारली, ती हरकत बरोबर होती म्हणाला. मग कॉलरचं बटण काढलं आणि कॉलर गुंडाळून टेबलावर ठेवली.

"चुकतं माणसाचं," तो म्हणाला. "कागद येईल ना. पोस्टानं येईल." आणि तो पडदे उघडायला उठला.

ते "पोस्टानं येईल" मला सहन होईना. ओरडला असता, भांडं आपटलं असतं, तर मी त्याला चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. मी मागच्या दारानं बाहेर पडले आणि तडक हायरमकडे गेले. कुणावर तरी राग काढायलाच हवा होता आणि समिती तर गाडीत बसली होती.

"तू स्वीकार कसा केलास रे?" मी दारातूनच सुरू झाले. "नाही म्हणायला तोंड नव्हतं?"

"वहिनी, पस्तीस वेळा म्हटलं! वाटल्यास मिस स्टूपच्या वहीत बघा."

"त्यांना धरून आणायचं होतंस आमच्या दारात. कान धरून! त्याला काही गव्हर्नर व्हायचं नव्हतं, हायरम. एकदा, फक्त एकदा कुणीतरी आपलं दार वाजवावं आणि तू हवा आहेस म्हणावं, एवढंच हवं होतं त्याला. ते तुला मिळालं. फुकटचं! फडकं हातात धरून!"

हायरम काउंटर पुसत होता. पुसलेलं काउंटर पुन्हा पुसलं. "काय करतोय तो?"

"कॉलर काढून ठेवलीय."

हायरमनं हातातलं फडकं खाली ठेवलं. एप्रन काढला. आरशात बघून केसांवर पाणी लावलं, खुंटीवरची काळी टोपी घेतली आणि माझ्या शेजारून बाहेर पडला. गिऱ्हाइकांनी आपापले पेले तिथंच ठेवले आणि ती त्याच्या मागून निघाली. मिसेस ऑकली दारातच होत्या, त्याही आल्या. एसा क्विलनं दुकान उघडं टाकलं.

हायरम आमच्या पायऱ्या चढला. सात वर्षांत त्यानं त्या पायरीवर पाय ठेवला नव्हता. त्यानं दार वाजवलं.

एलॅमनं दार उघडलं. गळ्याशी कॉलर नाही, पायांत मोजे. समोर भाऊ, मागे अर्धं गाव. त्यानं सवयीनं माझ्याकडे बघितलं, मी पायऱ्यांखाली उभी होते. "ऑर्फा, त्याला विचार, काय हवंय."

"वहिनींना काही विचारू नकोस," हायरम म्हणाला. "तुझ्याकडेच आलोय. मिस्टर एलॅम ट्रस्कॉट आपणच का?"

 "हो," तो म्हणाला.

हायरमनं टोपी काढून छातीशी धरली आणि सुरुवात केली. वीस वर्षं काउंटरमागे उभं राहून त्यानं दुसरं केलं काय होतं? रेललेल्या माणसांची लांबलचक भाषणं ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी, ती माणसं विसरली तरी आपण लक्षात ठेवायची. रेव्हरंडांचं अख्खं भाषण त्याला पाठ होतं. हातवारेसुद्धा. नसलेल्या दाढीवरून हात फिरवणंसुद्धा. दारू हा सैतानाचा घाम आहे, असं त्यानं ठणकावून सांगितलं तेव्हा मागची गिऱ्हाइकं आपल्या बुटांकडे बघायला लागली. आणि मग तो त्या जागी आला. मला कळलं, कारण त्याचा आवाज जरा खाली गेला.

"आणि गुत्तेदार," तो म्हणाला, "गुत्तेदार हा विधवांच्या..."

"तो भाग गाळ," एलॅम म्हणाला.

"गाळणार नाही. मी पक्षातर्फे आलोय."

"तू पक्षात नाहीस!"

"मी तासभर या पक्षाचा गव्हर्नरपदाचा उमेदवार होतो. माझ्याइतका अधिकार इथं कुणाला आहे? ...विधवांच्या आसवांवर गलबत हाकणारा खलाशी आहे."

"तुझ्याकडे गलबत कुठंय," एलॅम पुटपुटला. "तुला साधं पोहता येत नाही."

"भाषणाच्या मध्ये बोलू नकोस."

"बरं."

आणि तो पूर्ण भाषण उभ्यानं ऐकत राहिला. ऊन उतरलं होतं, तरी हायरमच्या कपाळावर घाम होता. शेवटाला त्यानं दोन्ही हात पसरले. रेव्हरंडांचे शब्द तिथं होते, मला ते माहीत होते, पण त्यानं ते म्हटले नाहीत.

"एलॅम," तो म्हणाला, "त्यांना तू हवा आहेस. मी पस्तीस वेळा सांगून बघितलं, त्यांना दुसरा कुणी चालत नाही. उभा राहतोस का?"

मिसेस ऑकली नाक ओढायला लागल्या. मी तर केव्हाच एप्रन डोळ्यांना लावला होता, आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. अडतीस पानं आत पियानोवर होती. एलॅमनं ती आणायला पाऊल उचललं नाही. तो भावाकडे बघत राहिला, मग त्याच्या खांद्यावरून थेट माझ्याकडे बघायला लागला. काहीतरी नव्यानंच सुचल्यासारखा त्याचा चेहरा झाला.

"ऑर्फा," तो म्हणाला.

"काय?"

"तुला चालेल का?"

सगळं गाव माझ्याकडे वळलं.  नऊ निवडणुका. जिल्ह्याचा कानाकोपरा, सगळी दारं, पत्रकांची दुसरी पिशवी कायम माझ्या हातात, आणि हे मला कुणी विचारलं नव्हतं. बाई म्हणून मतदानाचा हक्क तर मला नव्हताच. त्यानंही कधी विचारलं नव्हतं, आणि मला कुणी विचारलेलं नाही हे माझ्याही कधी ध्यानात आलं नव्हतं.

"विचार करून सांगते," मी म्हटलं.

आणि त्या दोघांना दारात तसंच उभं ठेवून मी पायरीवर बसले आणि खरंच विचार करायला लागले.